अकरा कुंभारांच्या हरकतीचा वृत्तांत

एकदा एका तालुक्याच्या गावी आठवड्याचा बाजार नदीकाठावरून टेकडीवर हलवायचे ठरले. कुंभारांनी हरकत घेतली आणि सभा झाली. सभेचा वृत्तांत परप्रांतातून आलेल्या साहेबांसाठी इंग्रजीत लिहायचा होता. ते काम ग्रामपंचायतीच्या तरुण लेखनिकाकडे आले. बाजार हलवताना पोलीस आणायचे की नाही, हे साहेब त्या कागदावरून ठरवणार होते.

लेखनिकाने एका बैठकीत कागद भरला. हीटेड डिबेट झाली, स्ट्राँग ऑपोझिशन दिसले, पब्लिक आउटक्राय उसळला. स्वारी स्वतःवर बेहद्द खूश होती. ज्या वृद्ध गुरुजींकडे तो इंग्रजी शिकला होता, त्यांना त्याने तो कागद अभिमानाने दाखवला.

गुरुजींनी एकही चूक काढली नाही. चपला घातल्या आणि त्याला थेट कुंभारवाड्यात नेले. तिथे सर्वांसमोर त्यांनी तो कागद मराठीत सांगितला, फक्त गावाचे नाव आणि बाजाराचा उल्लेख गाळला, आणि विचारले, हे भांडण कुठले?

कोणी म्हणाले, धरणाखालच्या लोकांचे असेल. कोणाला ते शहरातले वाटले. एका म्हातारीने काळजीने विचारले, "कुणाची डोकी फुटली का रं बाबा?"

लेखनिकाचा चेहरा पडला. ही म्हातारी सभेत पहिल्याच रांगेत बसली होती.

बाहेर येऊन गुरुजी म्हणाले, "तुझे इंग्रजी निर्दोष आहे. पण या शब्दांच्या जोड्या फार सोयीच्या असतात. पहिला शब्द लिहिला की दुसरा न बोलावता येऊन बसतो, आणि आपण पाहायचे थांबतो. सभेत मोठ्याने कोण बोलले?"

"एकच आजोबा," तो ओशाळून म्हणाला. "त्यांना कमी ऐकू येते."

"आणि त्यांच्या कानांपायी तू गावावर लाठ्या आणणार होतास. जिथे खरोखर हातघाई होईल, तिथे हेच शब्द खुशाल वापर. इथे माणसांना काय हवे आहे, ते लिही."

लेखनिक मागे फिरला आणि ओट्याओट्यावर बसून विचारत राहिला. नव्या कागदात त्याने लिहिले की अकरा कुंभारांची हरकत आहे, चढावर डोक्यावरच्या पाटीतली मडकी फुटतात, आणि गाडीवाट करून दिली तर बाजार वर भरायला त्यांची ना नाही. तो त्याने मराठीत सांगितला तेव्हा म्हातारी म्हणाली, "हां. हे आमचं."

चौथ्या दिवशी साहेब आले. सोबत पोलीस नव्हते. त्यांनी मडक्यांची एक पाटी मागून घेतली, डोक्यावर ठेवली, आणि अर्ध्या चढावर थांबून विचारले, गाडीवाट कुठून काढता येईल?