गाढविणीने नाकारलेला पूल

खूप वर्षांपूर्वी, मीठसुद्धा गाढवाच्या पाठीवरून घरी येई त्या काळी, एका डोंगरी राज्यात दोन गावं समोरासमोर वसलेली होती. मध्ये खोल दरी आणि दरीत नदी. पावसाळ्याचे चार महिने पलीकडच्या गावाला ना मीठ मिळे, ना औषध. शेवटी राजाने पूल बांधायचं ठरवलं आणि ते काम रेवण सुतारावर सोपवलं.

रेवण वयाने लहान, पण हाताने कसबी. वर्षभर खपून त्याने दरीवर लाकडी पूल उभा केला. मधोमध एक दगडी खांब, त्यावर टेकलेल्या भक्कम तुळया, वर आरशासारख्या घासलेल्या फळ्या. जो येई तो बघतच राही.

पूल खुला करायच्या दिवशी दोन्ही काठांवर माणसांची दाटी झाली. ढोल वाजत होते. पोरं बापाच्या खांद्यावर बसून माना उंचावत होती. राजाचा एकच दंडक होता. "आधी लादलेलं जनावर पार जाईल, मग माणसं."

जनावर होतं चिमाईचं. चिमाई ही मीठ वाहून पोट भरणारी म्हातारी आणि तिच्या गाढविणीचं नाव बिजली. नाव बिजली असलं तरी चाल सावकाश, एकेक पाऊल जोखून टाकणारी.

बिजली पुलाच्या तोंडाशी आली, खाली मान घालून तिने हुंगलं आणि ती थांबली. ओढून पाहिलं, ढकलून पाहिलं, गूळ दाखवला. ती जागची हलेना. आधी कुणी एक हसला. मग दोन्ही काठ हसू लागले. रेवणचे कान लाल झाले.

प्रधान हळूच म्हणाले, "महाराज, तिच्या डोळ्यांवर फडकं बांधू. जाईल मुकाट्याने."

"जनावराचे डोळे बांधून पार केलेल्या पुलावर मी माझी माणसं सोडणार नाही," राजा म्हणाला. "पावसाला पंधरा दिवस आहेत. तोवर ती आपणहून पार गेली तर ठीक. नाहीतर पूल उतरवा."

रेवण घरी न जाता नदीकाठी जाऊन बसला. वर्षभराची मेहनत, आणि निकाल दिला एका गाढविणीने. चिमाई त्याला शोधत तिथे आली.

"तिला काय कळतं पुलातलं?" तो फणकारला.

"पुलातलं काही कळत नाही रे बाबा. पायाखालचं कळतं," चिमाई म्हणाली. "बारा वर्षं याच डोंगरात ओझं वाहतेय, एकदा पडली नाही. ती अडली की मी तिला मारत नाही. ती कुठे बघतेय ते बघते. तू बघितलंस का?"

रेवणने बघितलं नव्हतं. तो हसणाऱ्या लोकांकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुलाच्या तोंडाशी गुडघ्यांवर बसला आणि बिजलीसारखीच मान खाली घातली. फळ्यांमधल्या फटींतून खाली गरगरणारं पाणी दिसलं. माणसाच्या पायाला जाणवणार नाही अशी फट, पण बिजलीच्या खुराची कड तीत सहज अडकली असती. दोन दिवस बसून त्याने सगळ्या फटी बुजवल्या.

पुन्हा बिजलीला आणलं. ती सहा पावलं गेली आणि थांबली. लोकांना वाटलं, आता रेवण डोकं आपटून घेणार. पण तो धावत तिच्यापाशी गेला. "सहा पावलं गेली, चिमाई. मागच्या वेळी एकही नव्हतं," म्हणत तो बिजलीच्या पायांशी वाकला. घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर तिचा खूर सरकत होता. राजाला आवडावी म्हणून आणलेली ती चकाकी रेवणने स्वतःच्या हाताने खरवडून काढली आणि फळ्यांवर खाचा पाडल्या.

आता त्याला झोपेतसुद्धा एकच उत्सुकता होती. उद्या ती कुठे अडेल?

ती मधल्या खांबापर्यंत गेली. एक पाय पुढे टाकला आणि मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा मागे घेतला. तिथे फट नव्हती, चकाकी नव्हती. रेवणने दोन दिवस शोधलं, काही सापडेना. मग त्याने बिजलीच्या पाठीवरची मिठाची पोती स्वतःच्या पाठीवर घेतली आणि त्याच जागी उभा राहिला. खालून काहीतरी कण्हल्यासारखं करकरलं.

कमरेला दोर बांधून तो पुलाखाली उतरला. मुख्य तुळई जागची सरकली होती. तिचं टोक खांबावर जेमतेम दोन बोटं टेकलं होतं. पूल खुला करायच्या त्या दिवशी शेकडो माणसं ढोलाच्या तालावर इथूनच नाचत जाणार होती.

वर आल्यावर त्याने चिमाईसमोर फक्त दोन बोटं धरली. मग त्याने बिजलीच्या गळ्यात हात टाकले.

त्याने नवी, लांब तुळई बसवली. चौदाव्या दिवशी आकाश भरून आलं होतं तरी सगळा मुलूख जमला. बिजली निघाली. सहा पावलं झाली, वीस झाली. मधल्या खांबाशी ती थांबली आणि दोन्ही काठांचा श्वास अडकला. रेवण मात्र तिच्या पायांकडे बघत होता. बिजलीने हुंगलं, कान फडफडवले आणि पुढे चालू लागली. पलीकडच्या हिरव्या गवताचा वास येताच तर ती पळतच सुटली. मग कुठले ढोल आणि कुठला मान, दोन्ही गावं एकमेकांकडे धावली आणि पुलाच्या मधोमध माणसं माणसांच्या गळ्यात पडली. पूल तसूभरही हलला नाही.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या गावाला मिठाची एक दिवससुद्धा वाण पडली नाही. पुढे रेवणने पुष्कळ पूल बांधले. नव्या गावात पोहोचला की तो पहिल्यांदा विचारी, "तुमच्याकडे सगळ्यात हट्टी जनावर कोणाचं?"

तात्पर्य: नकार मिळाला की चिडू नये, खचू नये, तो नेमका कुठे आणि का मिळाला ते शोधावं, कारण आपलं काम तिथेच पक्कं व्हायचं राहिलेलं असतं.