वेलदोड्याचा वास

नैवेद्याचा वास घ्यायचा नाही. का, ते विचारायचं नाही. मठात आल्या दिवशीच ऋजुताला हे बजावलेलं होतं.

"मग घेतलास कशाला?" मठाच्या प्रमुख माईंनी विचारलं.

ऋजुता खिरापतीचा पितळी डबा पोटाशी धरून उभी होती. बाहेर ओसरीवर एक बाई सहा महिन्यांचं बाळ घेऊन बसली होती. आज त्याचं उष्टावण. पहिला घास माईंच्या हातचा... चिमूटभर खिरापत, दुधात कालवलेली.

"घेतला नाही, माई. झाकण काढलं आणि आला. कुबट."

"शिव शिव!" अनंतकाका म्हणाले. चाळीस वर्षं मठाची पूजा त्यांच्याकडे होती. "कॉलेजात दोन बुकं शिकली, आता देवाच्या पानाला नावं ठेवते."

"काका, पांढरं जाळं धरलंय."

"खसखस आहे ती."

"खसखस एकमेकींचा हात धरत नाही." तिनं खोबऱ्याचा एक तुकडा उचलला. त्याला चिकटून आणखी तीन वर आले. कडा हिरवट झाल्या होत्या. "बुरशी आहे ही."

"मग वरचा थर काढून टाक. खालची चांगली असेल."

"डोळ्यांना दिसायला लागली, म्हणजे आत केव्हाच पोचलेली असते, काका."

माई हसल्या. "अगं, मीच भाजली, मीच कुटली. इतक्या वर्षांत कधी बिघडली नाही."

माईंना आता जेमतेम उजेड कळायचा.

ऋजुता त्यांच्यासमोर बसली. डबा त्यांच्या नाकाशी धरला.

"तुम्हीच सांगा. कसला वास येतो?"

"माई, नको..." काका पुटपुटले.

माईंनी डोळे मिटून श्वास ओढला.

"वेलदोड्याचा."

...

ऋजुताचा आवाज एकदम खाली आला.

"माई, या खेपेला वेलदोडे संपले होते. तुम्हीच म्हणालात, राहू दे."

माईंनी डब्यावर वाकून पुन्हा एकदा श्वास ओढला.

"अनंता, तुला कसला येतो रे?"

काकांनी मान खाली घातली. "वेलदोड्याचाच, माई."

"मागच्या डब्यालाही तोच होता?"

"तोच."

"मग खोळंबा कशाला? ऋजुता, आण इकडे. बाळ थांबलंय."

"नाही देणार." तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं झाकण लावून डबा घट्ट धरला. "तुम्ही मागितलात तरी नाही. हवं तर मठातून काढा मला."

"ऐकलंस, अनंता? तूच खा मूठभर. म्हणजे पोरीची खात्री पटेल."

काकांचा हात जागचा हलला नाही. दाराशी जमलेली जुनी मंडळी भिंतीकडे बघू लागली.

ओसरीवर बाळ रडायला लागलं.

माईंनी चाचपडत ऋजुताचा हात शोधला. झाकणावर घट्ट दाबलेला होता. त्यांनी तो नुसता थोपटला.

"बाळासाठी मऊ भात टाक," त्या म्हणाल्या. "आणि देवापुढे ठेवायच्या आधी वास घे."

"पण माई, देवाच्या आधी..." काकांना राहवलं नाही.

"देवाचं काय घेऊन बसलास, अनंता... तोही माझं मन राखत असेल."