सूज नसेल तर

“आणि सूज नसेल तर?” परकार सरांनी विचारलं.

“तर विष चढलं असण्याची शक्यता चार टक्के. माणूस खुशाल घरी जाऊ शकतो.” शाल्मलीने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

डोंगरातल्या त्या दवाखान्यात सर चाळीस वर्षं सर्पदंशाचे रुग्ण बघत होते. शाल्मली डॉक्टरकी त्यांच्याच हाताखाली शिकली, मग पुण्याला जाऊन संगणकाकडे वळली. तीन वर्षं खपून तिने हा प्रोग्राम केला होता. दातांची खूण, सूज, उलटी, विष… एकेक गोष्ट दुसरीला बाणाने जोडलेली. हे असेल तर ते कितपत संभवतं, हे यंत्र क्षणात सांगे. सरांनी एकदा ‘छान’ म्हणावं, एवढ्यासाठी ती आली होती.

सर पडद्यावरचे बाण बघत राहिले.

ती उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली.

तेवढ्यात सुगंधाबाईंना त्यांच्या जावेने धरून आत आणलं. त्या जमिनीवर झोपल्या होत्या आणि पहाटे पोट दुखून जाग्या झाल्या. अंगावर खूण नाही, सूज नाही.

शाल्मलीने माहिती भरली. चार टक्के.

“पाठवू घरी?” सरांनी विचारलं.

“यंत्र तर… हो म्हणतंय.”

“मी तुला विचारतोय.”

तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

सर वाकले. “सुगंधाबाई, वर बघा.”

कपाळावर आठ्या पडल्या, भुवया चढल्या. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या.

“मण्यार,” सर म्हणाले. “सिस्टर, प्रतिविष लावा.”

मण्यार चावली तर सूज येत नाही, पापण्या मात्र उचलत नाहीत, हे शाल्मली याच खोलीत शिकली होती.

“आणणारच नव्हतो हिला,” जाऊ दारात पुटपुटली. “काही दिसतच नव्हतं. गाडी बाजाराला निघालीच होती, म्हणून बसवलं.”

दुपार उलटली. सुगंधाबाईंचा श्वास नीट चालू राहिला, धोका टळला. शाल्मलीच्या व्हरांड्यातल्या येरझाऱ्या मात्र थांबेनात. शेवटी ती सरांपाशी आली.

“सर, हजार रुग्णांच्या नोंदी आहेत यंत्रात. सात दवाखान्यांत आलेला एकही सोडला नाही मी… अजून किती घालू?”

सर हात धूत होते. त्यांनी नळ बंद केला.

“जे आलेच नाहीत, ते घाल.”