गेराचा उसना आवाज

एकदा काय झालं, फार फार जुन्या काळी, समुद्रापलीकडच्या दगडधोंड्यांच्या मुलखात एक मेंढपाळ होता. त्याचं नाव गेरा. मेंढ्या किती? शंभर. एक कमी नाही, एक जास्त नाही. दारात अंजिराचं झाड होतं, घरात मिल्का नावाची बायको होती, आणि पोटात एक दुखणं होतं. दुखण्याचं नाव यादोन.

यादोन शेजारीच राहायचा. तोही मेंढपाळ. मेंढ्या उण्यापुऱ्या तीस, त्यातल्या दोन म्हाताऱ्या आणि एक आंधळी. घोंगडी अशी, की तिच्यात घोंगडी कमी आणि ठिगळंच जास्त. अशा माणसाचा कुणी हेवा करील का? गेरा करायचा. सकाळी उठून करायचा, जेवून करायचा आणि झोपेत कूस बदलून पुन्हा करायचा.

त्याचं कारण असं. आपण कसं देवाला माउली म्हणतो, तसं त्या मुलखातले लोक देवाला मेंढपाळ म्हणायचे, बरं का. सणाच्या दिवशी सगळं गाव मोठ्या झाडाखाली जमायचं. मग गावचे म्हातारे शल्लूमबाबा उभे राहायचे आणि म्हणायचे, "देव कसा आहे? मेंढपाळासारखा आहे." हे वाक्य आलं, की सगळ्या गावाच्या माना वळायच्या. कुणाकडे? यादोनकडे.

गेरा दाढीला तेल लावून यायचा. ताठ बसायचा. एका सणाला तर तो मुद्दाम यादोनला चिकटून बसला. म्हटलं, वळलेल्या मानांतली एखादी चुकून आपल्यावर थांबेल. एक म्हातारी थांबलीही. म्हणाली, "जरा सरक रे बाबा, यादोन दिसत नाही."

त्या दिवसापासून गेराला एकच ध्यास लागला. एकदा, फक्त एकदा, त्या वाक्याला लोकांनी आपल्याकडे बघावं.

आता यादोनमध्ये असं काय होतं? तर गावाचा मेंढवाडा सगळ्यांचा मिळून एकच होता. भोवती दगडी कुंपण, आणि आत जायला एक मोकळी वाट. तिला दार नव्हतं. ज्याची पाळी असेल, त्या मेंढपाळाने त्या वाटेत आडवं व्हायचं. तोच दार. लांडगा आला तर आधी त्याला भेटायचा. गेराची पाळी आली, की तो तिथे काटेरी झुडूप लावायचा आणि घरी येऊन घोरायचा. यादोन मात्र खरोखर आडवा व्हायचा, पावसापाण्यातसुद्धा.

आणि सकाळी काय व्हायचं? वाड्यात सगळ्यांच्या मेंढ्या सरमिसळ झालेल्या. यादोन बाहेर उभा राहून एकच हाळी द्यायचा, लांबलचक, गोड. त्याच्या तीस मेंढ्या बरोबर वेगळ्या व्हायच्या आणि त्याच्याकडे यायच्या. मग तो काठी आडवी धरायचा. काठीखालून एकेक मेंढी जायची, आणि तो प्रत्येकीचं कपाळ खाजवत तिच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. मग तो पुढे चालायचा आणि तीस मेंढ्या मागे.

गेराच्या मेंढ्याही निघायच्या म्हणा. तो "हॅक्" करून ओरडायचा आणि पाठीमागून गोफणीने दगड हाणायचा. त्या पळायच्या पुढे, हा मागे. पण मागून हाकणाऱ्याकडे मान वळवून कोण बघतं?

मग गेराने विचार केला. मेंढी ती, तिला अक्कल किती? ती ओळखत असणार घोंगडी. एका दुपारी यादोन विहिरीवर अंघोळ करत होता, तेव्हा गेराने त्याची घोंगडी लांबवली. दुसऱ्या सकाळी ती पांघरून वाड्यापाशी उभा राहिला. तीस मेंढ्या चार पावलं आल्या. त्यांनी नाकं वर केली, हुंगलं. मग आंधळी जी होती ती शिंकली, आणि सगळ्या माघारी फिरल्या.

मग त्याला वाटलं, काठीच असणार. त्याने काठी पळवली. मेंढ्या आठ पावलं आल्या. काठीखालून जायला माना वाकवल्या, गेराचे पाय बघितले, आणि पुन्हा माघारी. यादोन बिचारा नवी काठी तासत बसला. आणि गेराला राग कशाचा आला, माहीत आहे? नवी काठी जुनीपेक्षा सरळ निघाली याचा.

आता उरला आवाज. पण आवाज पळवायचा कसा?

त्या मुलखात एक खोल दरी होती. तिथे एक म्हातारी राहायची. आपण दरीत ओरडलो, की अर्धा आवाज परत येतो, नाही का? मग उरलेला अर्धा कुठे जातो? तो ही म्हातारी मडक्यात भरून ठेवायची. तिच्या गुहेत मडक्यांच्या उतरंडीच उतरंडी. एका मडक्यात हरवलेल्या कोकरांची बें बें, एकात रणशिंगं, एकात कुण्या राजाचं घोरणं. खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. फक्त मडक्यांना हात लावू नका.

गेराने तिला आपलं मागणं सांगितलं. म्हातारीने त्याच्या गळ्यात डोकावून बघितलं. म्हणाली, "भरल्या गळ्यात दुसरा आवाज मावत नाही. तुझा इथे ठेवून जा."

गेराने एका मडक्यात तोंड घातलं आणि "हॅक्" केलं. त्याचा आवाज सगळाच्या सगळा मडक्यात गेला. म्हातारीने वरून फडकं बांधलं आणि एक रिकामं मडकं त्याच्या हाती दिलं. ते घेऊन तो मुकाट विहिरीवर गेला. मुकाट म्हणजे अगदीच मुकाट, बरं का, कारण बोलणार कशाने? तो दगडाआड लपला. यादोनने मेंढ्यांना पाण्यावर हाळी दिली. हाळी अर्धी झाली आणि मडक्यात टपकन पडली. तिच्यामागून उरलेला आवाजही आला. गेराने मडकं तोंडाला लावलं आणि गटागटा पिऊन टाकलं.

घरी येऊन त्याने मिल्काकडे मसुराची आमटी मागितली. तो गोड आवाज ऐकून तिने न बघताच दोन डाव वाढले. मग वर बघितलं, आणि एक डाव परत काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. गेराने वाड्यापाशी उभं राहून हाळी दिली, आणि काय सांगावं, यादोनच्या तीसच्या तीस मेंढ्या त्याच्याकडे आल्या. म्हाताऱ्या आल्या, आंधळीसुद्धा आली. गेराचा ऊर भरून आला. तो ऐटीत पुढे चालू लागला.

दहा पावलांवर त्याने मागे बघितलं. मेंढ्या जागच्या हलल्या नव्हत्या. कपाळं वर करून उभ्या होत्या. आता आपलं नाव घेईल, मग निघू. कारण यादोन रोज कानात पुटपुटायचा ती त्यांची नावं होती. गेराला एकही ठाऊक नव्हतं. आवाज आणला होता, पण आवाजात घालायचं काही आणलं नव्हतं. मेंढ्या थांबल्या, थांबल्या, आणि ऊन चढल्यावर वळून यादोनकडे गेल्या. तो मुका झालेला यादोन दगडावर बसला होता. त्याने नुसती कपाळं खाजवली.

जाऊ दे, म्हणून गेराने आपल्या शंभर मेंढ्यांना हाक मारली. एकही येईना. त्यांना "हॅक्" तेवढं ठाऊक होतं, आणि हा कोण मधाळ बोलणारा? त्याने गोफण फिरवली. ओळख ना पाळख, वर दगड मारतो, असं म्हणून शंभरच्या शंभर डोंगरात पळाल्या.

गेरा डोक्याला हात लावून बसला. यादोनने मात्र मूठभर मीठ घेतलं आणि डोंगर चढला. मेंढ्यांना मिठाची भारी आवड. तो तळहात पुढे करून बसून राहायचा, आणि एकेक मेंढी यायची. उन्हं कलली तेव्हा त्याच्यामागून नव्व्याण्णव खाली उतरल्या. शंभरावी लंगडत होती, तिला त्याने खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा गेराला काय वाटलं असेल? आभार? छे. त्याला वाटलं, माझी मेंढी याच्याच खांद्यावर इतकी का शोभते?

पण यादोन डोंगरावर होता तेवढ्यात त्याचं सगळ्यात धाकटं कोकरू त्याला शोधत निघालं होतं, आणि कड्याच्या एका अरुंद कपारीवर जाऊन अडकलं होतं. ते रडत होतं. उत्तर येईना, म्हणून चुकीच्या बाजूला एकेक पाऊल सरकत होतं. यादोन धावत गेला, मागोमाग गेराही. त्याने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

मग त्याने गेराकडे बघितलं. आपला आवाज कुणाच्या गळ्यात आहे, हे त्याने सकाळीच ऐकलं होतं. तो भांडू शकत नव्हता. त्याने वाळलेलं एक पान उचलून गेरासमोर धरलं.

गेरा म्हणाला, "पान?" कोकराने ऐकलं नाही. आणखी एक पाऊल सरकलं.

"झाड?" खालचा एक दगड घरंगळला.

मग गेराला आपल्या दारातलं तसल्याच पानांचं झाड आठवलं. "अंजिरी," त्याने हाक मारली. "ये गं अंजिरी."

कोकराने मान वळवली. त्याचे कान उभे राहिले, शेपटी हलायला लागली. ज्या वाटेने गेलं होतं त्याच वाटेने ते उड्या मारत आलं, थेट गेराकडे. जन्मात गेराकडे असं कुणी धावत आलं नव्हतं. त्याने दोन्ही हात पुढे केले. कोकराने हात हुंगले. मग ते हातांच्या बाजूने निघून गेलं आणि यादोनच्या मांडीत जाऊन बसलं.

गेरा तसाच उभा राहिला, हात पुढे करून. मग तो वळला आणि तडक दरीवर गेला.

म्हातारीला म्हणाला, "हा घे त्याचा आवाज. माझा दे."

म्हातारी म्हणाली, "तुझा नाही राहिला. फार आंबट होता. मडक्याला चीर गेली आणि गळून गेला. हाच ठेव की. कुणाला काय कळतंय?"

आली का पंचाईत? आवाज परत द्यावा, तर हा जन्माचा मुका. गेराने मडकं हातात धरलं, खाली ठेवलं, पुन्हा धरलं. गोड आवाज होता हो. पण त्याला ते कोकरू आठवलं, हाताच्या बाजूने निघून जाणारं. त्याने मडक्यात तोंड घातलं आणि शेवटचा थेंबही ओतला.

म्हातारीला काय वाटलं कोण जाणे. ती उठली, मागची उतरंड हुडकली आणि एका फुटक्या मडक्याच्या तळाशी उरलेलं काहीतरी त्याला पाजलं. म्हणाली, "जुन्या दाराचा आवाज आहे. दार कधीच जळालं, कुरकुर तेवढी उरली."

गेराने भरलेलं मडकं नेऊन दिलं आणि यादोनला त्याचा आवाज मिळाला. गेरा मान खाली घालून उभा होता, आता शिव्या बसणार म्हणून. यादोन घसा खाकरून म्हणाला, "तुझी ती लंगडणारी. मागच्या पायात काटा आहे तिच्या. नाव काय तिचं?"

गेराला नाव सांगता येईना. शिव्या परवडल्या असत्या.

घरी येऊन त्याने काटा काढला. मेंढी मसुराच्या रंगाची होती. "मसूर," तो म्हणाला, कुर्रर्र अशा आवाजात. मेंढी दचकली. त्याने पुन्हा म्हटलं. मग त्याने गोफण चुलीत घातली, काठी आडवी धरली, आणि शंभर मेंढ्यांची नावं ठेवायला बसला.

सोपं वाटतं का? दुसरीचं नाव त्याने मिल्का ठेवलं, तर खरी मिल्का तीन दिवस बोलली नाही. चाळीसावर नावंच संपली. मग जिरे, धणे, काकडी, लसूण, असं स्वयंपाकघर झालं. मग मावश्या झाल्या, आत्या झाल्या. सगळ्यात अडेलतट्टू एडका होता, त्याचं नाव यादोन. तेवढं राहू द्या, एका दिवसात कुणी संत होत नाही. अंजिरं पिकल्यापासून द्राक्षं खुडेपर्यंत तो रोज कुरकुरत नावं घेत होता. आधी मसूर आली. मग लसूण आली. मग एका सकाळी शंभरच्या शंभर आल्या. आणि पाळीच्या दिवशी गेरा वाड्याच्या वाटेत आडवा व्हायला लागला. कूस बदलताना कण्हला, की अगदी दार कुरकुरल्यासारखं वाटायचं. मेंढ्या म्हणायच्या, चला, दार लागलं.

पुढे सण आला. सगळं गाव झाडाखाली जमलं. शल्लूमबाबा म्हणाले, "देव कसा आहे? मेंढपाळासारखा आहे." सगळ्या माना यादोनकडे वळल्या. फक्त एका चिमुरड्या पोरीची मान वळली ती गेराकडे, आणि तिथेच थांबली.

गेराला दिसलंच नाही. त्याचं लक्ष लांब, माळावर. मसूर पुन्हा लंगडते की काय, ते तो बघत होता.

मिल्काने बघितलं. पण तिने त्याला कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर पुन्हा बिघडला असता.

मग गेरा सुखात राहिला, यादोन सुखात राहिला, मेंढ्या तर राहिल्याच. आता डोळे मिटा आणि काठीखालून एकेक आत चला. मसूर आली. मिल्का आली. जिरे आली. धणे आली. काकडी, जरा हळू. लसूण आली…

लागलं दार.