बारा फटींची नाव

फार जुनी गोष्ट. एका रुंद नदीच्या काठी धाकोजी नावाचा तांडेल होता, म्हणजे नावाड्यांचा म्होरक्या. त्याच्या नावेवर बारा वल्ही आणि राज्यातून निवडलेले बारा गडी.

तरी धाकोजी सदा वैतागलेला. "एवढे धट्टेकट्टे तुम्ही, आणि नाव म्हशीसारखी का चालते? कुणी तोंड उघडेल का?"

गडी माना खाली घालून वल्ही मारत राहायचे.

एकदा नदीला पूर आला. पलीकडचं गाव तुटलं, तिथलं धान्य संपलं. राजाने पोती भरून दिली. धाकोजीने नाव लोटली आणि भर पात्रात तळातून पाणी उसळलं. गडी पोहून वाचले, पोती गेली. त्या गावात तीन दिवस चूल पेटली नाही.

पूर ओसरल्यावर नाव सापडली. ती उलटी केली, तर प्रत्येक गड्याच्या पायाखाली एक फट आणि प्रत्येक फटीत कोंबलेली चिंधी!

धाकोजीने कपाळावर हात मारला. "अरे, बाराही जणांना ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत रे?"

सगळ्यांत म्हातारा गडी गोमा म्हणाला, "आपल्याच नावेवरचा लखू बोलला होता, तांडेल. फळी सैल झालीय म्हणाला. तुम्ही त्याला कामचुकार म्हणून नावेवरून उतरवलंत आणि त्याच्या जागी दुसरा घेतलात. मग आम्ही आपापली फट आपणच बुजवत राहिलो."

धाकोजीला हे आठवतही नव्हतं. त्याला स्वतःचाच असा राग आला, की तो तडक लखूच्या दारी गेला.

"चल, नावेवर ये."

"येईन," लखू म्हणाला. "पण पुन्हा फळी सैल दिसली आणि मी बोललो, तर?"

"आधी चिडेन," धाकोजी कबूल झाला. "स्वभावच मेला तसा. पण मग खाली वाकून बघेन."

लखूला हसू आलं. तो आला.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी काहीतरी खोट दाखवायचं. धाकोजी करवादायचा, कपाळाला आठ्या घालायचा, आणि गुडघे टेकून फट बघायचा. खेपा वेळेवर पोहोचू लागल्या. पुढच्या पुरात पलीकडच्या गावाला धान्य कोरडं मिळालं.

तात्पर्य : चूक दाखवणाऱ्यालाच जिथे शिक्षा होते, तिथे चुका लपून वाढतात आणि एक दिवस सगळ्यांना घेऊन बुडतात.