ओल्या हातांचं गाव

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात बोलायचं तर आधी हात ओला करावा लागे. रोज नव्हे हं! रोज तिथली माणसं कोरड्या हातांनीच मनसोक्त गप्पा ठोकत. पण पाण्याची सभा भरली की नियम पक्का. डोंगरातून ओढा येई, ओढ्याचा पाट होई आणि पाट सगळ्या शेतांना वळसे घालत खाली जाई. कुणाच्या शेताची पाळी आधी, कुणाची मग, हे पिंपळाखाली ठरे. ज्याला बोलायचं त्यानं आपल्या शेताजवळच्या पाटातलं पाणी तांब्यात आणायचं, त्यात हात बुडवायचा आणि मगच तोंड उघडायचं. ओल्या हातानं कुणी खोटं बोलत नाही, असं जुन्या लोकांनी ठरवलं होतं. भारी शहाणी माणसं ती! फक्त एवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही, की ज्याच्या पाटात पाणीच नाही त्यानं हात कशात बुडवायचा.

येसूचं शेत पाटाच्या अगदी शेवटाला होतं. घरात ती आणि आई, दोघीच. गव्हाला हिरव्या हिरव्या ओंब्या आल्या होत्या, इवल्या दाण्यात दूध धरायची वेळ झाली होती, आणि पाट मात्र ठणठणीत कोरडा. वरची मंडळी आपली शेतं दोन-दोनदा भिजवत. खाली यायला पाणी उरतच नसे. आई रोज ओंबी चिमटीत दाबून बघायची आणि तशीच घरात जायची.

"आये, गहू गेला तर गं?" येसूनं एकदा विचारलं.

"तर मी जाईन परगावी मजुरीला. तू राहा मामीकडं," आई म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं. आईशिवाय राहायचं म्हणजे काय, हे येसूला कल्पनेतसुद्धा बघायचं नव्हतं.

म्हणून एका धुक्याच्या सकाळी ती कोरड्या पाटातून वर वर चालत निघाली. पाणी येतं तरी कुठून, एकदा बघावंच म्हणून. वरच्या शेतांपाशी पाट चमचमत वाहत होता. तो ओलांडून ती देवराईत शिरली. आत पाऊल टाकताच पाखरांचा आवाज थांबला. झाडं निळसर दिसत होती. वेलींवर जांभळी, मोतिया, केशरी फुलं लटकली होती, पण एकालाही वास नव्हता. ओढा वाहत होता, पण खळखळ ऐकू येत नव्हती.

ओढ्यातल्या दगडावर एक परी बसली होती. वीतभर उंचीची, चांदण्याच्या रंगाची, इतकी सुंदर की बघत राहावं. पंखांवर दवाचे थेंब लुकलुकत होते. पण तिला सावली नव्हती, आणि तिच्या पापण्या लवत नव्हत्या.

येसूच्या अंगावर काटा आला. तरी ती पळाली नाही. ओच्यातली अर्धी भाकरी तिनं पुढे केली. "खातेस का? थंडी आहे फार."

"मला भूक नसते," परी मंजुळ आवाजात म्हणाली. "पण आजवर कुणी विचारलं नव्हतं. तीन इच्छा माग, बाळ. मात्र नियम ऐक. मी नवं काही करत नाही. इथलं उचलते, तिथं ठेवते. परत आणायचं म्हटलंस तर तीही एक इच्छाच धरीन."

लहान पोर ती. नियमाकडे तिचं नीट लक्षच नव्हतं. "आमचा गहू दाण्यानं भरू दे!" ती म्हणाली. परी हसली. तिचं हसणं फार वेळ टिकलं.

दुसऱ्या दिवशी आई चूल पेटवत होती तोवर येसू शेतात धावली. आणि बघते तर काय, बांधाकडचा सगळा तुकडा टपोऱ्या ओंब्यांनी वाकलेला! येसूनं आनंदानं टाळ्या पिटल्या. मग तिला ते दिसलं. गव्हाच्या मधोमध शेजारच्या गोदाक्काचं बुजगावणं उभं होतं, अंगात गोदाक्काचीच फाटकी हिरवी चोळी. काल ते पलीकडे होतं. आज त्यानं तोंड मालकिणीच्या घराकडे वळवलं होतं.

बांधापलीकडे म्हातारी गोदाक्का उकिडवी बसून उघड्या मातीवरून हात फिरवत होती. विहिरीतून घागरी वाहून वाहून तिनं तेवढाच तुकडा जगवला होता.

"हितंच व्हता गं," ती मातीलाच सांगत होती. "हितंच तर व्हता माझा गहू."

येसूला भडभडून आलं. तशीच ती देवराईकडे सुटली. "परत ठेव! आत्ताच्या आत्ता परत ठेव तिचं!"

"ठेवलं," परी म्हणाली. "आता शेवटची. कुणाचं देऊ तुला? वरच्या रंगूनानाचं? त्याच्याकडे पुष्कळ आहे."

रंगूनानाचा राग येत होता येसूला, खोटं कशाला सांगा! पण मातीवर फिरणारा तो हात डोळ्यांपुढून हलेना. रंगूनानाच्या घरीही पोरं होतीच की.

"माझंच घे," ती शेवटी म्हणाली. "माझा आवाज घे. ज्यांचे हात ओले आहेत त्यांना दे."

परीच्या पापण्या पहिल्यांदाच लवल्या. "मग तुला उरणार नाही, बाळ."

येसूनं मान डोलावली. तिला "चालेल" म्हणायचं होतं. ओठ हलले, पण त्यांतून नुसती हवा आली.

दुपारी पिंपळाखाली सभा भरली. विठोजी पाटकरी मध्ये बसला होता. पाणी सोडायचं, बांधायचं काम त्याचं. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. शेवटच्या शेतांची मंडळी रिवाजाप्रमाणे मागे, कोरड्या हातांनी, मुकाट. येसू आईला चिकटून बसली होती.

रंगूनाना उठले, तांब्यात हात बुडवला, मिशीवर ताव दिला आणि तोंड उघडलं.

"खालच्या शेतात भेगा पडल्यात," एका लहान मुलीचा आवाज आला. "माझी टाच जाते आत."

सगळे इकडे तिकडे बघू लागले. नानांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. त्यांचा भाऊ हसत उठला. त्यानंही हात बुडवला, आणि त्या धिप्पाड माणसाच्या तोंडून तोच कोवळा आवाज निघाला, "आई रोज ओंबी दाबून बघते. दूध वाळत चाललंय."

कुणी हसेना. पिंपळाचं पान हलेना. येसूच्या आईचा चेहरा पांढराफटक पडला. "ही तर माझी येसू बोलतीया!" तिनं लेकीला गदागदा हलवलं. "बोल गं! बोल ना!" येसू आईकडे बघून ओठ हलवत राहिली.

आता सगळ्यांच्या नजरा विठोजीवर. त्यानं तांब्याकडे हात नेला. हात मागे घ्यावा असं त्याला फार वाटलं. पण सभेत बसलेल्या पाटकऱ्यानं हात ओला करायलाच हवा. त्यानं डोळे मिटून बोटं बुडवली, आणि त्याच्याच तोंडानं त्यालाच विचारलं:

"विठूकाका, आमचे हात कोरडे आहेत म्हणून आम्ही खोटं बोलतो का?"

विठोजी उठला, तांब्या घेऊन मागे आला आणि त्यानं येसूच्या आईच्या हातांवर पाणी ओतलं. "बोल, वैनी," एवढंच तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. तो त्याचा स्वतःचा आवाज होता.

आई उभी राहिली. "वरच्यांचं वाळवून मला नगं," ती आपल्याच आवाजात म्हणाली. "पर पाळी खालनं सुरू करा. आमचं भिजल्याबिगर तुमची पाळी न्हाई म्हटलं, की समदा गाव पाण्याची राखण करंल. आज कोण करतंय? वरच्याचं भिजलं की तो जातोय झोपाया."

रंगूनानांनी तोंडावरचे हात काढले. "खरं हाय तिचं," ते पुटपुटले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून त्यांना रडू आलं.

विठोजीनं फावडं उचललं. वरच्या शेतांत पाणी सोडणारी एकेक मोरी माती लावून बंद झाली. येसू शेताकडे धावली आणि कोरड्या पाटाच्या काठाशी वाट बघत बसली. ऊन कलायला लागलं तेव्हा लांबून सळसळ आली. पाणी येत होतं, वाळकी पानं पुढे ढकलत, फेसाची झालर लावून. आणि फेसावर परी उभी होती.

"त्यांनी तुझा आवाज वापरला आणि तुमच्या हातांवर पाणी घालून परत ठेवला," ती नवलानं म्हणाली. "घेतलेलं सगळे आपल्याकडेच ठेवतात गं. मीही तेच करत आले."

तिनं येसूच्या गळ्याला बोट लावलं. बोट गार होतं आणि मग उबदार झालं. परीच्या पंखांवरचे थेंब एकेक सुटून पाण्यात पडले, पाण्यावर सोनेरी, गुलाबी, मोरपंखी उजेड पसरला, आणि पहिल्यांदाच परीची चिमुकली सावली पडली. ती सावलीकडे बघून खुदकन हसली. मग उजेड इतका वाढला की येसूला डोळे मिटावे लागले. उघडले तेव्हा पाटात नुसतं पाणी होतं. ते वाफ्यात शिरत होतं, आणि भेगा बुडबुडे सोडत ते पीत होत्या.

येसूनं घाबरत घाबरत तोंड उघडलं.

"आये! पाणी आलं!"

आई घरातून धावत आली. बांधावरून गोदाक्कानं हाक दिली, "आलं का गं?" तिच्या वरच्या शेतातून कुणी ओरडलं, त्याच्याही वरून कुणी. पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत सगळी माणसं आपापल्या आवाजात विचारत होती, खाली पोचलं का, खाली पोचलं का.

"पोचलं!" येसू ओरडली.