कंपनीची पाहुणी

शाळा उघडायला आठ दिवस राहिले होते. रत्ना भोकरेच्या बचत गटाला तीनशे गणवेश शिवायचे होते, पण मुलांची मापं काम देणाऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि मापांचा फोल्डर काही तिच्या मोबाइलवर उघडेना. अकरा मशिनी नुसत्या बसून. शेवटी ती तडक कंपनीच्या ऑफिसात केळुसकर साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "अहो ताई, सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही गेस्ट. गेस्ट म्हणजे पाहुणी. पाहुणीनं का कुणाच्या घरातले डबे उघडायचे असतात? आणि हो, माल वेळेत आला नाही तर काम दुसऱ्या गटाला जाईल!"

सारं ऑफिस फिदीफिदी हसलं. रत्नानं पदर खोचला.

"साहेब, पाहुणी दोन तऱ्हेची असते. एक विहीणबाई. ती डबे उघडत नाही, पण तिला कामही सांगायचं नसतं, उलट चहा-फराळ हातात द्यायचा असतो. दुसरी माहेरवाशीण. तीही चार दिवसांची पाहुणीच, पण हाताला लागेल तो डबा उघडते आणि पडेल ते काम करते. मी तुमची कोण, ते तुम्हीच ठरवा. विहीण असेन तर चहा मागवा, आणि गणवेश तुम्ही शिवायला घ्या!"

आता हसू साहेबांवर उलटलं. त्यांनी तिथल्या तिथे फोल्डर खुला करून दिला. रत्नानं तिथूनच गटाला फोन लावला आणि साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसा गं मशिनीवर! लिहून घ्या, पहिली मुलगी, छाती चोवीस..."